हेल्काला कुठल्या शाळेत घालायचं

मिर्वाला काहीही विचारा, ती "चालेल" म्हणायची. कॉफी गार झालीय, चालेल? चालेल. शनिवारी जादा पाळी, चालेल? चालेल. नवऱ्याने जेवणाच्या टेबलाशी बटाटे सोलता सोलता सांगितलं की आपलं आता जमत नाही, मी तळ्यापलीकडे घर बघितलंय, तेव्हाही ही बाई हातातली सुरी खाली न ठेवता चालेल म्हणाली. आता काय बोलायचं! भांडली असती, दोन बशा फोडल्या असत्या, तर आम्हा शेजारपाजाऱ्यांनाही हायसं वाटलं असतं. पण नाही. उरलेले बटाटे सोलले, उकडले आणि तिघं जेवायला बसली.

हे झालं दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून तिला काही लागत नव्हतं. गोड लागत नव्हतं, कडू लागत नव्हतं, जिवाला लागत नव्हतं. कामाला जायची, वेळेवर जायची. आमच्या हाउकिलाम्पी गावात एकच कारखाना, पुठ्ठ्याचा. ती तिथल्या प्रयोगशाळेत. यंत्राखाली खोका ठेवायचा, यंत्र वरून दाबत जातं, खोका कुठल्या क्षणी चेपतो ते बघायचं. दिवसभर हेच. बोलायला बाजूला कोणी नाही आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नाही.

घरी मात्र हेल्का होती. वय आठ, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. सकाळी डोळे उघडायच्या आधी हिची बडबड सुरू. शेजारच्यांचं मांजर, वर्गातल्या नूपूचा पडलेला दात, तळ्यावरचा बर्फ कुठे पातळ आहे, सगळं सगळं. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे, रविवारी संध्याकाळी अदलाबदल. बापाचं घर तळ्याच्या पलीकडच्या काठाला, त्यामुळे शाळा तीच, मैत्रिणी त्याच. शाळेतून ती एकटीच चालत यायची आणि गळ्यातल्या दोन किल्ल्यांपैकी त्या आठवड्याची किल्ली लावून आत जायची. आमच्याकडची सगळीच पोरं तशी येतात.

जानेवारीत कारखान्याने प्रयोगशाळा बंद करायचं ठरवलं. मिर्वाला बोलावून सांगितलं, बेल्जियममध्ये अँटवर्पला कंपनीचा मोठा कारखाना आहे, तिथे तुझ्यासारखी सरावलेल्या हाताची माणसं हवीत. तीन वर्षं. घर देऊ, मुलीच्या शाळेचं बघू. मिर्वा म्हणाली, चालेल.

गोची पुढे होती. हेल्का दोघांची, आणि दुसऱ्याच्या सहीशिवाय पोरीला देशाबाहेर नेता येत नाही. यार्नो, म्हणजे तिचा आधीचा नवरा, वाईट माणूस नव्हे. त्याने डोकं खाजवलं, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "मी आडवा येणार नाही, मिर्वा. पण आधी शाळा बघ. नुसती फोनवर नको, पोरीला घेऊन जा आणि बघ. चांगली निघाली तर करतो सही. नाही निघाली तर हेल्का माझ्याकडे राहील आणि तू जा. मान्य?"

"चालेल."

म्हणजे सगळं शाळेवर येऊन ठेपलं. शाळा मिळाली तर पोर बरोबर, नाही मिळाली तर पोर मागे. दुसरी कुठलीही आई या विचाराने रात्रभर तळमळली असती. मिर्वाला गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर तिला त्याचंच थोडं आश्चर्य वाटलं.

यार्नोची आई केर्तू. लग्न मोडलं, पण सासूचं येणं मोडलं नाही. दर बुधवारी वेलचीचा गोड पाव घेऊन ती मिर्वाच्या स्वयंपाकघरात हजर. अस्सल सावो भागातली बाई, तिकडची माणसं सरळ उत्तर देतील तर शपथ. मिर्वाने संगणकावर अँटवर्पच्या शाळा काढल्या, तशी केर्तू चष्मा चढवून मागे उभी राहिली.

"ही पोरं सगळी हसतायत कशाला गं? पाटीवर तर भागाकार दिसतोय."

"जाहिरात आहे केर्तू."

"असेल. नसेलही. आमच्या वर्गाच्या फोटोत एकच पोरगा हसत होता, त्याला नंतर शिक्षा झाली." तिने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "तू बघ बाई. खोके दाबून बघतेस तशी शाळाही दाबून बघ. मी म्हातारी काय सांगणार!"

मिर्वाने खरंच तसंच केलं. वर्गात पोरं किती, खिडक्या उघडतात का, जेवण गरम असतं का, दिवसातून कितीदा बाहेर सोडतात, कारखान्यापासून किती लांब. बऱ्याच शाळा गाळल्या आणि दोन उरल्या. एक काचेची, एक बागेची. तिने हेल्काला बोलावलं आणि दोन्हींचे फोटो दाखवले.

"तुला कुठली आवडते?"

हेल्काने आईच्या तोंडाकडे बघितलं, मग फोटोंकडे, मग पुन्हा आईच्या तोंडाकडे. "बागेची."

"चालेल. पण दोन्ही बघू."

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या शाळांना स्कीइंगची सुट्टी असते. सगळा गाव बर्फात घसरायला गेला आणि या दोघी पावसात भिजायला अँटवर्पला. काचेच्या शाळेत त्यांना गालिच्यावरून फिरवलं. मधल्या सुट्टीत पोरं दिवाणखान्यासारख्या खोलीत बसली होती, कारण बाहेर भुरभुर पाऊस होता.

"आई, एवढ्या पावसात बाहेर नाही सोडत?" हेल्का कुजबुजली. "मग इथे बाहेर जातातच कधी?"

ही शाळा तिथेच बाद झाली. राहिली बागेची. तिथे पोराला एक अख्खा दिवस वर्गात बसवून बघायची पद्धत होती. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मिसेस लँगली म्हणून गोऱ्या केसांच्या, गोड बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी हेल्काला हाताला धरून आत नेलं आणि मिर्वाला सांगितलं, साडेतीनला न्यायला या. मिर्वाला वाटलं, हे बालवाडीतल्यांसाठी असणार. मोठ्या पोरांना कशाला कोण न्यायला येतं! तिने हेल्काला सांगितलं, "सुटलं की हॉटेलवर ये. रस्ता माहीत आहे ना?" हेल्का म्हणाली, "हो, ट्रामचा थांबा, मग बेकरी, मग डावीकडे." मिर्वा नवा कारखाना बघायला निघून गेली.

तिथे ती पुठ्ठ्याच्या ढिगाशी उभी असताना फोन वाजला. मिसेस लँगली. आवाजातला गोडवा पार उडालेला.

"हेल्का तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही. ती घरी गेली असेल."

"घरी? कोणाबरोबर?"

"एकटी."

पलीकडे मागे कोणीतरी काहीतरी ओरडलं, मग मिसेस लँगलींचाच आवाज आला. "बाई, ती आठ वर्षांची आहे!"

"हो," मिर्वा म्हणाली. तिला खरंच कळेना, बाई वय कशाला सांगतायत.

शाळेत तोवर नुसता गोंधळ उडाला होता, कारण पोर सुटतानाच्या गर्दीतून कधी बाहेर पडली ते कोणालाच कळलं नव्हतं. फाटक बंद करून घेतलेलं, दोन शिक्षक रस्त्यावर, एक जण बागेतल्या झुडपांत वाकून बघणारा. पोलिसांना कळवायचंच बाकी होतं. मिर्वा धावत हॉटेलवर आली. हेल्का पलंगावर मोजे घालून बसली होती आणि घरून आणलेला राय धान्याचा काळा पाव खात होती.

"आई, तू लवकर आलीस!"

"कसा होता दिवस?"

"चांगला." बस्स, एवढंच. बाकी वेळी एका दाताची गोष्ट अर्धा तास चालवणारी पोर आणि अख्ख्या नव्या शाळेबद्दल एक शब्द. मिर्वाच्या ते लक्षात आलं. पण दमली असेल, असं म्हणून तिने पावावर लोणी लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिसेस लँगलींनी समोर बसवलं. चहा दिला. "आम्ही रागावलेलो नाही," त्या म्हणाल्या, म्हणजे चांगल्याच रागावलेल्या होत्या. "पण आमच्याकडे पोर हातातून हातात दिलं जातं. आई, वडील किंवा सांभाळणारी बाई. तिने एकटीने ट्रामचे रूळ ओलांडले!"

"गावी ती रानातून येते," मिर्वा म्हणाली. "डिसेंबरात तर अंधारातच."

मिसेस लँगलींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की कुठल्याही आईचं रक्त उसळलं असतं. मिर्वाचं उसळलं नाही. न्यायला बाई ठेवाल का? ठेवते. लिहून द्याल का? देते. ती आपल्याच सहीकडे परक्याच्या सहीसारखी बघत राहिली.

"बाकी पोरगी मात्र गुणाची हो," मिसेस लँगली आता मऊ झाल्या. "दिवसभरात एक अक्षर बोलली नाही. एवढं शांत मूल आम्ही पाहिलेलं नाही. आमच्याकडून जागा पक्की समजा."

शांत? आमची हेल्का? जी झोपेतही बोलते ती? मिर्वाने कप खाली ठेवला. "तिला इथली भाषा येत नाही अजून," ती म्हणाली.

"सगळ्यांचंच तसं असतं. सहा महिने, फार तर वर्षभर. मग बोलायला लागतात."

वर्षभर! पण जागा मिळाली होती, ज्यासाठी आले ते काम झालं होतं, आणि मिर्वाने चहा संपवला.

गावी परतल्यावर यार्नोला सगळं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला, मग एकदम गंभीर झाला. "म्हणजे तिला तिथे फाटकाबाहेर एकटीने पाऊल टाकता येणार नाही? तीन वर्षं? पोर आहे का पार्सल?"

"बाकी शाळा चांगली आहे. बाग आहे. पावसातही बाहेर सोडतात. जेवण गरम असतं."

"तुला पटलीय ना?"

"चांगली आहे," मिर्वा पुन्हा म्हणाली.

"मग शब्द दिलाय तो दिला. मे महिन्यात शाळा संपायच्या आधी करतो सही." तो उठून लाकडं फोडायला गेला, आणि त्या दिवशी त्याने गरजेपेक्षा बरीच जास्त लाकडं फोडली. केर्तूने बुधवारी फक्त एवढंच विचारलं की तिथे रानात ब्लूबेरी मिळते का, आणि उत्तर न ऐकताच भांडी घासायला उठली.

एप्रिलच्या अखेरीस तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला, तेव्हा हेल्काच्या वर्गशिक्षिका पाइवीचा फोन आला. साधी, मनमोकळी बाई. मिर्वाची बालमैत्रीणच.

"मिर्वा, हेल्काचा घसा वगैरे बिघडलाय का गं?"

"नाही. का?"

"दर मंगळवारी ती शाळेत बोलतच नाही. आधी वाटलं, नूपूशी भांडली असेल. मग बघितलं तर फक्त मंगळवारीच. विचारलं तर मान हलवते. बुधवारी पुन्हा गाडी सुरू, बंद करता करता नाकी नऊ येतात माझ्या."

शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवली. मायलेकी वरच्या फळीवर बसल्या. मिर्वाने दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावर आली. सौनात आमच्याकडे लोक एरवी न बोलायचं बोलतात. मिर्वाला बोलता येत नव्हतं तरी तिने विचारलं.

"मंगळवारी तू शाळेत बोलत नाहीस म्हणे?"

"सराव करते," हेल्का म्हणाली. जशी काही पोहण्याचा सराव करत होती. "आधी नुसतं जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमायचं. आता पूर्ण दिवस जमतं. सगळ्यात अवघड काय, माहितीये? कोणी चुकीचं सांगितलं की आपल्याला माहीत असूनही गप्प बसायचं. ते फार अवघड."

"सराव कशाचा?"

"तिथल्या शाळेचा. तिथे मला काहीच बोलता येणार नाही ना. आता येतं मला न बोलता."

मिर्वाच्या हातातला डाव पाण्याच्या बादलीत पडला. तो काढायचं तिला सुचलं नाही.

"हेल्का, तुला जायचंय का तिकडे?"

हेल्का गुडघ्यावरचं घामाचं पाणी बोटाने पुसत राहिली. "तू असं कधी विचारलंच नाहीस. तू विचारलंस, कुठली शाळा."

"आता विचारते."

"मी नाही आले तर तू तिकडे एकटी. तू एकटी असलीस की जेवत नाहीस. बाबाच्या आठवड्यानंतर मी येते ना, तेव्हा फ्रिजमध्ये दूध तेच असतं. मी गेले त्या दिवशीचं. मी बघते."

अवघडून बधिर झालेल्या पायात रक्त परत आलं की माणूस ओरडतो ना, तसं मिर्वाला झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी लागलं, आणि ते इतकं लागलं की तिला फळीवर बसवेना. ती खाली उतरली, दार उघडून बाहेर पायरीवर जाऊन बसली, अंगातून वाफ निघतेय आणि समोर काळा बर्फ. आठ वर्षांची पोर फ्रिज उघडून आईचं दूध तपासते. आणि आई शाळेच्या खिडक्या उघडतात का ते तपासते. लाज वाटली तिला. मनापासून वाटली.

रविवारी हेल्काला सोडायला गेली तेव्हा तिने यार्नोला दारातच सांगितलं. "सही करू नकोस."

"शाळा चांगली नाही?"

"शाळा चांगली आहे. हेल्काला नको आहे."

यार्नोने दाराची चौकट धरली. "मग तू राहतेस ना इथे?"

"नाही. मी जाते."

हे कळलं तेव्हा केर्तू बुधवारची वाट न बघता सोमवारीच आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलली. "वेडी झालीस का? पोरीला टाकून जातेस? इथे राहा. शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळेल, कुठे दुकानात मिळेल. उपाशी थोडीच मरणार आहेस!"

"केर्तू, मी इथे राहिले तर काय होईल माहितीये? बापाच्या आठवड्यात मी भिंतीकडे बघत बसेन, आणि ती पलीकडच्या काठावरून माझ्यावर लक्ष ठेवेल. माझ्यासाठी ती गप्प बसायला शिकली. उद्या आणखी काहीतरी शिकेल. तिने माझी आई व्हायला नको." मिर्वाचा आवाज चढला. तिचा आवाज चढतो हे केर्तू विसरूनच गेली होती. "मला तिकडे जाऊन आधी जेवायला शिकू दे. दर महिन्याला येईन. फोनवर ती दुधाबद्दल विचारेल, तर मला खरं उत्तर देता आलं पाहिजे."

केर्तूने पावाची पिशवी टेबलावर ठेवली. जाताना तिने मिर्वाच्या पाठीवर हात ठेवला, जरा जोरातच.

मिसेस लँगलींना फोन करून जागा सोडली. त्यांनी सभ्यपणे विचारलं, दुसरी कुठली शाळा निवडलीत? मिर्वा म्हणाली, जिथे ती आहे तीच.

आमच्याकडे शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात. त्याच्या आदल्या रविवारी, नेहमीच्या वेळेला, मिर्वा हेल्काला सोडायला आली. या वेळी गाडीतून पिशव्याच पिशव्या निघाल्या. दोन घरांत वाढणाऱ्या पोरांचं सगळं दोन-दोन असतं. ते आता एका घरात आणायचं होतं. यार्नोच्या दाराशी, जिथे बूट काढतात तिथे, ती एकेक वस्तू मांडत गेली. रबरी बूट. पावसातली पँट. बर्फातला जाड पोशाख. लोकरीच्या टोप्या. तिने पँट खुंटीवर अडकवली. तिथे आधीच एक तशीच पँट होती.

"अगं, इथे सगळं आहे," यार्नो म्हणाला. "दोन-दोन काय करू?"

"एक फाटली की दुसरी काढ."

यार्नोने पँट हातात घेऊन लांबी बघितली. त्याच्या मनात काही नव्हतं, तो आपला सहज बोलून गेला, "फाटायच्या आधी तिला आखूड होईल ही."

मिर्वा तिथल्या बाकावर बसली आणि रडायला लागली. हळूबिळू नाही, भोकाड पसरून, आमच्या गावात कोणी रडत नाही तशी. यार्नो पँट हातात घेऊन नुसता उभा. आतून हेल्का आली. तिने आईकडे जवळून, वाकून बघितलं, स्वयंपाकघरातून हात पुसायचा टॉवेल आणून दिला आणि शेजारी बसली.

"आई, तू रडतेयस?"

"हो."

"खूप?"

"हो. पण माझं मी बघते." मिर्वाने टॉवेलने तोंड पुसलं. "मी आज जेवलेय. उद्याही जेवेन."

हेल्काने पुन्हा आईच्या तोंडाकडे नीट बघितलं. बाहेर तळ्याच्या धक्क्यावरून नूपू तिला हाका मारत होती.

"मग मी पोहायला जाऊ?"

"जा."

हेल्का उठली, दार उघडलं आणि उड्या मारत उतारावरून धावत सुटली, धक्क्यावर पोचायच्या आधीच तिची बडबड सुरू झाली होती. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मिर्वाला तेच हवं होतं, आणि तेच तिला सोसवेना.